मेलेली बाजू

बापूसाहेबांची दृष्टी एकदम गेली नाही. काचबिंदू चोरपावलांनी येतो. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं. ते कोर्टाच्या पायऱ्यांवर अडखळू लागले, दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले आणि "नंबर वाढला वाटतं" म्हणत चष्मा पुसत राहिले. चारुशीला हट्टाने त्यांना अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली तेव्हा फार उशीर झाला होता. त्या दिवाळीत अंगणातल्या पणत्या त्यांना नुसता पिवळा डाग म्हणून दिसल्या. संक्रांतीपर्यंत तोही गेला.

अकोल्याच्या कोर्टात ज्यांच्या उलटतपासणीला साक्षीदार चळचळा कापत, ते बापूसाहेब आता जठारपेठेतल्या घरात, पुढच्या खोलीतल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असत. सुरुवातीला लोक भेटायला आले. पण आंधळ्या माणसाशी काय बोलावं हे लोकांना कळत नाही. ते मोठ्या आवाजात बोलतात, जणू माणूस बहिरा झाला आहे, आणि थोड्या वेळाने "येतो मग" म्हणून उठतात. हळूहळू येणं थांबलं.

घरात मग दोघंच उरली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला भाऊ गोपाळकृष्ण अमरावतीला वकिली करत होता. चारुशीला कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर होती. छत्तीस वर्षांची, लग्नाचा विषय घरात कधीच मिटलेला. ती सकाळी स्वयंपाक करून जायची, संध्याकाळी यायची.

"जेवलात?"

"हं."

"पेपर वाचून दाखवू?"

"नको."

एवढंच. कधीकधी तेही नाही. चारुशीलेला भीती वाटू लागली. डोळे गेले ते गेलेच, त्यावर इलाज नव्हता. पण आता वडिलांचा आवाजही तसाच कडेकडेने नाहीसा होतो आहे, आणि या वेळीही आपल्याला उशीर होणार, असं तिला वाटे. आवाज गेला की या घरात तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

एका रविवारी दुपारी ती वह्या तपासत बसली होती. सहज मान वर केली तर बापूसाहेबांचा उजवा हात चादरीवर चाललेला. अंगठ्याने मधलं बोट अडवायचं, सोडायचं. थोडं थांबायचं. हात जरा डावीकडे सरकवायचा, पुन्हा अडवायचं, पुन्हा सोडायचं.

"काय करताय, बाबा?"

हात थांबला. "काही नाही."

"कॅरम?"

मग ते म्हणाले, "राणी डाव्या भोकाच्या तोंडाशी आहे. मध्ये एक काळी आडवी पडलीय. समोरच्या काठावरून परतवून घेता येते का, बघत होतो."

"गेली का?"

"कोणाला ठाऊक! सांगणार कोण?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चारुशीलेने वह्या बाजूला सारल्या.

"मी सांगते," ती म्हणाली.

कॅरमचा बोर्ड घरात नव्हता. गोपाळकृष्णाने वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा तो त्याच्याबरोबर अमरावतीला गेला होता. असता तरी आंधळ्या माणसाला त्याचा काय उपयोग? चारुशीला स्वतः कधी खेळलेली नव्हती. वकिलांच्या ओसरीवर कॅरम खेळायचा तो वकिलांनी आणि त्यांच्या पक्षकारांनी. पण वस्तू कशी सरकते, घर्षणाने कशी मंदावते, भिंतीला लागून कशी परत फिरते, हे तर ती मुलांना रोज शिकवत होती. तिने आलेखाचा मोठा कागद काढला. त्यावर चौकोन आखला, चार कोपऱ्यांत भोकं काढली. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं ठेवली. मग नियम ठरवले.

बापूसाहेबांनी सांगायचं: स्ट्रायकर रेघेवर कुठे ठेवला, समोरच्या काठावर कुठे रोख धरला, जोर किती. चारुशीलेने स्ट्रायकर एकेका टप्प्याने पुढे न्यायचा, आडवी इतकी घरं, उभी इतकी घरं. दर टप्प्याला घर्षणापायी थोडा वेग कमी करायचा. काठ ओलांडला की त्या दिशेची चाल उलटी करायची: डावीकडे चालला होता तर उजवीकडे, वर चालला होता तर खाली. कॉलेजच्या ग्रंथालयात येणाऱ्या एका मासिकात तिने परदेशातल्या गणकयंत्रांविषयी वाचलं होतं. त्यांना म्हणे असेच बारीक बारीक हुकूम द्यावे लागतात. यंत्र स्वतःची अक्कल चालवत नाही, सांगितलं तेवढंच करतं. तिने ठरवलं, आपणही अक्कल चालवायची नाही. आपल्याला वाटेल तिथे सोंगटी सरकवली तर तो खेळ कसला? नियम सांगेल तेच खरं.

"निघाला," ती म्हणाली. "काळीच्या उजवीकडून गेला. काठाला लागला. परत फिरला. इकडच्या काठाला लागला. परत फिरला. पुन्हा तिकडे..."

"अगं थांब, थांब. हा स्ट्रायकर आहे का रबरी चेंडू? काठाला लागून कोणी त्याच वेगानं परत येतं का?"

चूक खरीच होती. टक्कर झाली की थोडा वेग मरतो. तिने नियम बदलला: काठ ओलांडला की चाल उलटी करायची आणि वेग दहातले सातच भाग ठेवायचा. नवा डाव सुरू झाला.

"निघाला. काठाच्या बाहेर गेला थोडा. उलटा फिरवला, वेग कमी केला. आला मागे... अजून काठाच्या बाहेरच आहे." ती घुटमळली. नियम स्पष्ट होता: काठाबाहेर असेल तर चाल उलटी. "म्हणून परत उलटा फिरवला. आणखी बाहेर गेला. पुन्हा उलटा. वेग आणखी कमी. अजून बाहेरच."

"कुठे बाहेर?"

"चौकटीत."

"चौकटीत म्हणजे लाकडात?"

"हो. तिथेच आत-बाहेर, आत-बाहेर करतोय. आता जवळजवळ थांबलाच."

पलंगावरून आवाज आला. चारुशीलेला क्षणभर कळलं नाही कसला. बापूसाहेब हसत होते. पोट धरून, खोकत, कित्येक महिन्यांनी.

"अगं, वाळवी आहे का स्ट्रायकर तुझा? लाकडात शिरून बसला! एम.एस्सी. झालीस ना तू?"

"नागपूरची एम.एस्सी.," तीही हसू दाबत म्हणाली. "नियमाप्रमाणे बरोबर आहे."

"नियमाप्रमाणे! मुन्सफ कोर्टात असेच निकाल लागतात."

तिने पुन्हा नियम सुधारला. स्ट्रायकर काठाच्या बाहेर जितका गेला असेल, तितका आधी काठावर आणून ठेवायचा, आणि मगच उलटा फिरवायचा. अडकणं थांबलं. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी आणखी एक चूक काढली. काठावरून परतवलेला नेम दर वेळी भोकाच्या जरा पलीकडे पडत होता. ते डोळे मिटून, म्हणजे मिटलेलेच डोळे आणखी घट्ट मिटून, विचार करत राहिले. मग म्हणाले, "चारू, तुझ्या स्ट्रायकरला अंग आहे का? तू नुसता ठिपका धरतेस. ठिपका काठापर्यंत जाईल. स्ट्रायकरचं पोट आधी टेकेल ना?"

चारुशीलेने कपाळाला हात लावला. खऱ्या काठाच्या आत अर्ध्या स्ट्रायकरइतक्या अंतरावर तिने तुटक रेघेचा दुसरा काठ आखला. ठिपक्याने त्या रेघेवरूनच परत फिरायचं. आता परतीचे नेम बरोबर पडू लागले.

ते दिवस चांगले गेले. ती कॉलेजातून आली की बापूसाहेब उठून बसलेले असत. "आज मी सकाळपासून एक डाव योजलाय," असं म्हणत. एकेका फटक्याचं गणित करायला तिला वेळ लागे. ते वाट बघत बसत आणि ती टप्प्याटप्प्याने सांगत जाई. बापूसाहेब मान वळवून तो न दिसणारा स्ट्रायकर बघत. तो डावीकडे गेला की मान डावीकडे, परत फिरला की उजवीकडे. दोन्ही बाजूंनी तेच खेळत, पांढरीही आणि काळीही. तरी खोलीत दोघांचा आवाज असे. चारुशीलेला तेवढं पुरेसं होतं.

मग शेषराव आले.

शेषराव पातूरकडचे. मळ्यात वांगी, मिरची, कोथिंबीर पिकवायचे आणि अकोल्याच्या बाजारात आणायचे. विहिरीच्या पाण्याच्या भांडणात बापूसाहेबांनी त्यांची बाजू लढवली, तेव्हापासून बाजार आटोपला की ओसरीवर कॅरमला बसायचा त्यांचा जुना रिवाज. मधल्या काळात त्यांनाही गुडघ्यांनी धरलं होतं. बऱ्याच दिवसांनी ते आले ते टोपलीभर वांगी घेऊन. बापूसाहेब आणि चारुशीला कागदावर वाकून बसलेली बघून दारातच थबकले.

"बाप्पा! ताई, हे काय करून राहिल्या तुमी? बटणं मोजून राहिल्या काय?"

"कॅरम खेळतोय, शेषराव," बापूसाहेब म्हणाले. "बसा. काळ्या तुमच्या."

"बोर्ड कुठी आहे पण?"

"ही काय, चारू."

शेषरावांना खेळ समजायला थोडा वेळ लागला, पण एकदा समजल्यावर ते रंगून गेले. आपला फटका सांगताना ते बोट हवेत उडवत आणि चारुशीला गणित करत असताना "आली का? आली का?" करत. सोंगटी हुकली की म्हणत, "ताई, पेन्सिल घसरली तुमची!"

"पेन्सिल नाही घसरली. तुमचा जोर जास्त झाला."

"घ्या! वकिलाची पोर. अपील नाई काही नाई."

बापूसाहेबांना आता खरा भिडू मिळाला. दिवस मोजत ते बाजारच्या दिवसाची वाट बघू लागले. चारुशीलेबरोबरचे रोजचे डाव मात्र कमी झाले. "आज नको. शेषराव येतील तेव्हाच्या डावाचा विचार करतोय." खेळाच्या वेळी बोलणं त्या दोघांचंच चालायचं: पातूरचा पाऊस, जुने खटले, कोण मेलं, कोणाच्या घरी काय झालं. तिच्याकडे तोंड वळायचं ते फक्त "लागली?" विचारायला.

एकदा शेषराव चहा पीत असताना ती म्हणाली, "बाबा, एक डाव मी खेळू का?"

"खेळ की," बापूसाहेब म्हणाले. मग हसून, "पण मग बोर्ड कोण होणार?"

शेषरावही हसले. चारुशीला हसली. कपबश्या उचलून ती आत गेली, आणि नळाखाली त्या जरा जास्तच वेळ विसळत राहिली.

पण खेळ चालला होता हे खरं. तो बिघडला बापूसाहेबांमुळेच. एका दुपारी त्यांनी, ओसरीवर बोर्डाची जी बाजू खिडकीकडे असायची, त्या काठावरून परतवून एक सोंगटी मारली. चारुशीलेने गणित केलं आणि ती म्हणाली, "गेली."

"नाही जाणार," बापूसाहेब म्हणाले.

"गेली, बाबा. सरळ भोकात."

"अगं, खिडकीकडच्या काठावरून? ती बाजू मेलेली आहे. तिथून सोंगटी परत येताना जीव टाकते. मी मुद्दाम मारून बघितली, तुझा बोर्ड खरा आहे का ते."

"थे मातर खरं आहे, ताई," शेषराव म्हणाले. "थे बाजू मेलेलीच होती. तिकडून मी कधी घेतच नव्हतो."

"सगळ्या काठांचं लाकूड एकच असतं," चारुशीला म्हणाली.

"लाकडाचं मला सांगू नकोस. वीस वर्षं खेळलोय मी त्या बोर्डावर." बापूसाहेब पलंगावर मागे टेकले. "तरीच म्हटलं, काहीतरी परकं वाटतंय. दुसऱ्याच्या घरी खेळल्यासारखं."

त्या दिवशी डाव अर्धाच राहिला. पुढच्या बाजारच्या दिवशी शेषरावांनी दोन फटके मारले आणि बापूसाहेब म्हणाले, "कंटाळा आला." त्यानंतर ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडू लागले. चारुशीलेने नुसता एक आकडा घालून ती बाजू मारून टाकली असती तर चाललं असतं. पण किती मारायची? अंदाजाने घातलेला आकडा त्यांना तिथल्या तिथे कळला असता, आणि मग तिच्या सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडाला असता. शिवाय न मोजता आकडा घालणं तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं. तिने कॉलेजात रजा टाकली, शेजारच्या माणिकबाईंना वडिलांकडे बघायला सांगितलं आणि अमरावतीची मोटार पकडली.

"वन्सं, लोक अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला येतात," कुंदावहिनी म्हणाल्या. "तुम्ही कॅरम मोजायला आलात?"

"दर्शनालाही जाईन. आधी बोर्ड काढा."

गोपाळकृष्णाने बोर्ड माळ्यावरून उतरवला. धूळ झटकली, बोरिक पावडर टाकून पुसला. पूर्वीसारखीच खाली बुटकी तिवई ठेवली, तिच्यावर जुनी दुलई घडी करून घातली. बापूसाहेबांच्या ओसरीवर हीच पद्धत होती. आतल्या खोलीत पक्षकार कागद वाचत बसलेले असत, त्यांना खटाखट ऐकू जाऊ नये म्हणून. दुलईवर बोर्ड ठेवला. एका काठावर बापूसाहेबांच्या दौतीतून सांडलेल्या शाईचा डाग अजून होता. तीच खिडकीकडची बाजू.

चारुशीलेने दोन पट्ट्या जोडून एक छोटी घसरण केली. स्ट्रायकर त्या घसरणीच्या माथ्यावरून सोडला की दर वेळी तेवढ्याच वेगाने काठाला जाऊन लागे. परत किती येतो ते तिने टेपने मोजलं, एका काठाचं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, मग शाईच्या डागाच्या काठाचं. पुन्हा पहिल्यापासून. चारही काठ सारखे. शाईच्या डागाची बाजू तर किंचित जास्तच जिवंत.

"मेलेली कुठाय?" गोपाळकृष्ण म्हणाला. "धडधाकट आहे की."

"तुला आठवते का मेलेली?"

"आठवते तर. मीही तिकडून मारायचो नाही."

चारुशीला चक्रावली. दोन माणसांचा भ्रम समजता येतो. तिघांचा कसा समजायचा? पाठ दुखू लागली होती. ती शाईच्या डागाच्या बाजूला खाली बसली, चौकटीवर दोन्ही कोपरं टेकली, हनुवटी हातांवर ठेवली आणि बोर्डाच्या पातळीत डोळे आणून म्हणाली, "दादा, तू सोड जरा. मी इथून बघते."

गोपाळकृष्णाने स्ट्रायकर सोडला. तो तिच्या बाजूच्या काठाला लागला, परत फिरला, आणि काठापासून चार बोटांवरच थांबला.

दोघंही बघत राहिली.

"पुन्हा सोड."

पुन्हा तसंच. तिने कोपरं उचलली. स्ट्रायकर पूर्ण परत गेला. कोपरं टेकली. चार बोटांवर थांबला. तिच्या भाराने मऊ दुलई त्या बाजूला दबत होती. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण बोर्ड तिच्याकडे कलत होता. काठापर्यंत उतार, परत जाताना चढ. पावडर लावलेल्या गुळगुळीत बोर्डावर तेवढा चढ पुरे.

"अरे!" गोपाळकृष्ण ओरडला. "तू अशीच बसायचीस! इथेच. अगदी अशीच, हनुवटीखाली हात घेऊन. शाळेतून आलीस की दप्तर टाकून इथे. तोंडात माशी जाईल म्हणून मी चिडवायचो. आई आतून हाका मारायची, तू जायची नाहीस."

"म्हणजे बाजू मेलेली नव्हतीच," वहिनी म्हणाल्या. "वन्सं टेकल्या होत्या! आणि बिचारा बोर्ड बदनाम झाला."

तिघंही खूप हसली. गोपाळकृष्ण डोळे पुसत म्हणाला, "बाबांनी मात्र तुला कधी हाकललं नाही हं. मला शंभरदा ऊठ म्हणायचे. तुला कधी नाही."

परतीच्या मोटारीत, बडनेरा मागे पडल्यावर, तिला ते वाक्य पुन्हा आठवलं. कधी हाकललं नाही. बाहेर कापसाची शेतं पळत होती. ती विचार करत होती: सबंध खेळभर एक बाजू त्यांना सोडून द्यावी लागत होती, तरी त्यांनी मुलीला ऊठ म्हटलं नाही. कदाचित त्यांना कारण कळलंही असेल, आणि नंतर विसरायला झालं असेल. सांगितलं की आठवेल. "अगं हो!" म्हणतील. त्या हो-साठी तिला इतकी घाई झाली, की मूर्तिजापूरला मोटार चहासाठी थांबली तेव्हा ती खाली उतरलीच नाही.

ती घरी पोचली तेव्हा बाजारचा दिवस म्हणून शेषराव येऊन बसले होते. कागद गुंडाळलेलाच होता. तिने पिशवीही खाली ठेवली नाही.

"बाबा, सापडलं. बाजू मेलेली नाही. चारही काठ सारखे आहेत."

बापूसाहेबांचा चेहरा आक्रसला. "मग मी काय खोटं..."

"खोटं नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. खाली दुलई असायची ना? कोणी चौकटीवर टेकलं की बोर्ड त्या बाजूला कलायचा. मी टेकून बसायचे तिथे. खिडकीच्या बाजूला. रोज."

बापूसाहेबांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली. ती थांबली.

"तू?" ते म्हणाले. "तू कुठे असायचीस तिथे?"

"शाळेतून आले की. चौकटीवर कोपरं ठेवून."

"नाही गं." ते समजुतीच्या सुरात म्हणाले, चुकलेल्या साक्षीदाराला सांगावं तसं. "तू आत असायचीस, आईजवळ. ती बाजू मोकळी असायची. उजेड यायला मुद्दाम मोकळी ठेवायचो आम्ही. तिथे कोणी बसत नसे."

"दादाला आठवतंय."

"गोपाळला काय आठवतं! त्याला स्वतःच्या लग्नाची तिथी आठवत नाही. का हो शेषराव? होतं का कोणी?"

शेषरावांनी चारुशीलेकडे पाहिलं, मग बापूसाहेबांकडे. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता काय सांगू, वकीलसाहेब. आपलं सारं ध्यान सोंगटीवर. आजूबाजूले कोन बसलं, कोन उठलं, मले तर काही याद नाई."

"तेच म्हणतो मी," बापूसाहेब म्हणाले. आणि थोड्या वेळाने, बऱ्याच दिवसांत नव्हती अशी उत्सुकता आवाजात आणून, "ते जाऊ दे. पण ती बाजू मेलेली होती हे तर ठरलं ना? कारण काही असो. मग घालतेस का तुझ्या नियमात?"

चारुशीलेने पिशवी खाली ठेवली. पाय धुतले. आलेखाचा कागद काढून पसरला, बटणं मांडली.

"घालते," ती म्हणाली.

अमरावतीला मोजून आणलेला आकडा तिच्याजवळ होता. इतर काठांवर वेगाचे दहातले सात भाग उरत. या काठावर चढ धरून हिशेब केला तर जेमतेम तीन. तिने तसं लिहिलं. बापूसाहेबांनी खिडकीच्या काठाचा नेम सांगितला. तिने टप्पे मोजले.

"काठाला लागली. परत फिरली. थांबली."

"कुठे?"

"काठापासून चार बोटांवर."

बापूसाहेबांनी मान हलवली. "इतकी नव्हती मेलेली. अर्ध्यापर्यंत तरी यायची. का हो?"

"अर्ध्यावर येत होती," शेषराव म्हणाले. "कधी थोडी पुढंही."

चारुशीला पेन्सिल हातात धरून थांबली. तिने दोन वेळा मोजलं होतं. मोजण्यात चूक नव्हती. मग तिच्या ध्यानात आलं. मोजलं होतं ते आजच्या चारुशीलेचं टेकणं. तेव्हा ती एवढी जड नव्हती. लुगड्यातली नव्हती, परकरातली होती. काड्यांसारखे हात होते.

तिने तीन खोडून चार केले.

"मार पुन्हा," बापूसाहेब म्हणाले. तिने टप्पे मोजले, सांगितले. "अजून थोडी. अजून थोडी येऊ दे."

चाराचे पाच झाले. शेषराव तिच्या पेन्सिलीकडे बघत होते. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बापूसाहेब डोकं एका बाजूला कलवून ऐकत होते. आकडा आणखी जरासा वाढवून तिने पुन्हा पहिल्यापासून गणित केलं, घाई न करता, एकही टप्पा न गाळता. एवढी वर्षं त्या ओसरीवर ती नेमकी किती होती, हे पहिल्यांदाच कोणी ठरवत होतं. आणि ठरवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

"निघाली," ती म्हणाली. "राणीच्या बाजूनं गेली. खिडकीच्या काठाला लागली. परत फिरली. येतेय. हळू होतेय. अर्ध्याच्या पुढे आली... थोडी. थांबली."

"हां!" बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "हा! हाच आपला बोर्ड. याला म्हणतात खरं. शेषराव, सांभाळून हं आता, त्या बाजूनं फुकट फटका घालवू नका."

"मी कशाले जातो तिकडं," शेषराव म्हणाले. "चला ताई, माह्या काळ्या मांडा."

चारुशीलेने त्या काठाच्या रेघेशी आकडा शाईने पक्का केला. मग बटणं गोळा करून पुन्हा मधोमध मांडली, एक काळं, एक पांढरं, मध्ये राणी म्हणून लाल काचेचं. बापूसाहेबांनी पहिला फटका सांगितला. समोर तीन काठ मोकळे असताना त्यांनी मुद्दाम, हौसेने, खिडकीकडचाच काठ निवडला होता.

"लागला," ती म्हणाली. "परत फिरला. हळू येतोय."

"हळूच येणार तो," बापूसाहेब समाधानाने म्हणाले.